अँबॅसेडरचं इंजिन बांधून झालं? आता हेडचे नट परत आवळा

इंजिन नवीन बांधलं की पहिल्या 500 किमीच्या आसपास हेडचे, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचे, नट परत टॉर्क करायचे, म्हणजे टॉर्क रेंचने ठरलेल्या जोरापर्यंत आवळायचे, कारण गरम-थंड होऊन होऊन हेडखालची नवीन गॅस्केट (सील करणारा पातळ थर) दबते आणि स्टडवरचा, म्हणजे नट बसतो त्या आट्यांच्या दांड्यावरचा, ताण कमी होतो. मी बोलतोय ते 1489 सीसीच्या जुन्या पेट्रोल इंजिनबद्दल, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी-सिरीज, ह्याचंच 1798 सीसी रूप एमजीबी ह्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये यायचं. गॅस्केटच्या पाकिटावर परत टॉर्क नको असं लिहिलेलं असेल तर मात्र हात लावू नका.

गाडी रात्रभर उभी राहू दे, इंजिन पूर्ण थंड पाहिजे. इंजिनच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हर काढा. रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांच्या) ब्रॅकेटवर आठ नट दिसतील, त्यातले मोठे चार हेडचेच आहेत आणि छोटे चार फक्त रॉकर धरतात, हे नीट ओळखून घ्या कारण छोट्यांना टॉर्क जवळजवळ निम्मा असतो, मोठ्यांचा आकडा त्यांना लावलात तर स्टड तुटलाच समजा. एमजीबीला मोठे 45 ते 50 फूट-पाउंड आणि छोटे 25. तुमच्या इंजिनचा आकडा तुमच्याच मॅन्युअलमधून घ्या, आणि रेंचवर न्यूटन मीटर असेल तर फूट-पाउंडचा आकडा 1.356 ने गुणा.

आता खरी गोष्ट. नुसता टॉर्क रेंच लावला आणि टक् वाजलं म्हणजे नट टाइट आहे असं नाही हो! बसलेला नट जागेवर चिकटलेला असतो, त्याला हलवायलाच जास्त जोर लागतो, त्यामुळे रेंच आधीच वाजतो आणि नट तसूभरही फिरलेला नसतो. म्हणून आधी तो नट थोडासा ढिला करा, पाव आट्यापेक्षा कमी, मग एका दमात सावकाश ओढत आकड्यापर्यंत न्या. तो झाला की मगच पुढचा. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, हेडचे अकराही नट (रॉकरवरचे मोठे चार धरून) असेच, आणि दोन नट एकदम ढिले अजिबात करू नका.

काम इथे संपत नाही, टॅपेट परत सेट करावेच लागतात, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली गॅप परत जुळवायची. हेड खाली बसलं की रॉकरही खाली येतो पण त्याला खालून ढकलणारा पुशरॉड तिथेच राहतो, म्हणजे गॅप कमी होते, आणि टाइट राहिलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. प्लग काढून इंजिन हाताने फिरवा आणि नऊची बेरीज लक्षात ठेवा, दाबलेल्या आणि सेट करायच्या व्हॉल्व्हचे नंबर मिळून नऊ: 8 नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना 1 नंबर सेट करायचा, 6 दाबलेला असताना 3, असं आठही. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित अडकत सरकला पाहिजे, आणि लॉकनट आवळताना स्क्रू फिरतो म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा गेज घालून बघाच.

कव्हरची कॉर्क गॅस्केट कडक झाली असेल तर नवीन टाका, नाहीतर तेल गळून एक्झॉस्टवर पडतं आणि केबिनमध्ये वास येत राहतो.