मानसशास्त्रात एम.ए.: ठाणे-नवी मुंबईतून अर्ज करताना

टीवायबीएचा निकाल लागला की अर्जाचं बघू, असं म्हणणाऱ्यांच्या हातून बरेच पर्याय निकालाआधीच गेलेले असतात. सीयूईटी-पीजीचे, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या देशपातळीवरच्या सामाईक परीक्षेचे फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत भरून घेतात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. आरक्षणाचे दाखले तर त्याहून आधी काढायला टाकावे लागतात. म्हणून शेवटच्या वर्षाची दिवाळी झाली की कामाला लागा.

कॉलेजांची यादी करण्याआधी पुढे काय काम करायचं आहे ते ठरवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर नुसतं एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि ती परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम केल्यावरच मिळते. जाहिरातीत ‘क्लिनिकल’ लिहिलेलं असलं म्हणून त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे असं होत नाही. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. त्यात संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं नाव सापडेपर्यंत फी भरू नका. कंपनीत मनुष्यबळ विभागात जायचं असेल, तर औद्योगिक मानसशास्त्राकडे बघा.

नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करण्याचा विचार असेल, तर २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले आहेत. अजूनही कोणी अशा प्रवेशाची हमी देत असेल, तर दूर राहा.

आपल्या भागातून रोज जाण्यासारख्या जागा ठरलेल्या आहेत. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कलिन्याला आहे; मध्य आणि हार्बर या दोन्ही मार्गांवरून कुर्ल्याला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था, देवनारला आहे, वाशी-नेरूळकरांना गोवंडी स्टेशन सोयीचं. मुलींसाठी चर्चगेटचं एसएनडीटी महिला विद्यापीठही आहे. टिसच्या प्रवेशात पहिली चाळणी सीयूईटी-पीजीच्या गुणांवर होते, पण टिसच्या पोर्टलवर वेगळी नोंदणीही करावी लागते. परीक्षा दिली आणि ही नोंदणी राहिली, असं दरवर्षी काही जणांचं होतं. पात्रता त्या वर्षाच्या माहितीपत्रकातूनच बघा: बी.ए.ला मानसशास्त्राचे किती पेपर हवेत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कागदांचा. नवी मुंबई म्हटलं तरी ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे तालुक्यात येतो, तर खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला ज्याच्या त्याच्या तहसीलमधून निघतो. जातीचा दाखला मात्र मूळ गावच्या उपविभागीय कार्यालयातून घ्यावा लागतो. घर सातारा-रत्नागिरीकडचं असेल तर एक फेरी धरूनच चाला. राज्याच्या नमुन्यातलं नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या प्रवेशाला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं आणि चालू आर्थिक वर्षातलं लागतं. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्रही तसंच. एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) हा राज्याचा प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाही, तेव्हा सीयूईटीच्या फॉर्ममध्ये तो शोधत बसू नका.

नावाचा क्रमही तपासा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर बहुतेकदा शेवटी. फॉर्ममध्ये दहावीप्रमाणे लिहा आणि सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा. सीजीपीएला दहाने गुणून टक्के काढू नका. विद्यापीठाने दिलेलं सूत्रच वापरा, नाहीतर पडताळणीत आकडा जुळत नाही. शेवटच्या सत्राचा निकाल यायचा असेल तर ‘निकाल प्रतीक्षेत’ हा पर्याय निवडा, अंदाजे गुण टाकू नका.

उद्देशपत्र (हा अभ्यासक्रम का करायचा आहे ते सांगणारं, एसओपी) मागितलं असेल तर त्यावर निदान दोन आठवडे घालवा. ‘लहानपणापासून लोकांना मदत करायची आवड आहे’ हे वाक्य निवड समिती इतक्यांदा वाचते की त्यातून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘टीवायच्या प्रात्यक्षिकात स्ट्रूपचा (वेगळ्याच रंगात छापलेल्या रंगनामाच्या शाईचा रंग ओळखण्याचा) प्रयोग केला. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी रंगनामांचा अडथळा कमी होतो का, हा प्रश्न तेव्हा पडला, पण नमुना लहान असल्यामुळे निष्कर्ष काढता आला नाही.’ तुम्ही काय केलं, कुठे अडलात आणि पुढे काय शिकायचं आहे, हे तीन ओळींत कळतं. स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण लिहिलंत तर मुलाखतीत त्यावर शांतपणे बोलता येईल इतकंच लिहा. शिफारसपत्रासाठी सरांना किंवा मॅडमना महिनाभर आधी सांगा. सोबत गुणपत्रिका, प्रकल्पाचा सारांश आणि अंतिम तारखा द्या. पोर्टलची लिंक त्यांच्या स्पॅममध्ये जाते, म्हणून फोन करून विचारा.

सीयूईटी-पीजीच्या २०२५च्या नमुन्यात ९० मिनिटांत ७५ प्रश्न होते. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. पेपर मराठीत नसतो, त्यामुळे मराठीतून शिकलेल्यांनी संज्ञा इंग्रजीतून पाठ करायलाच हव्यात. संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धती मुलं टाळतात, खरं तर थोड्या सरावात पक्के गुण तिथेच मिळतात. मुलाखतीसाठी डीएसएम-५-टीआर आणि आयसीडी-११ या आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन वर्गीकरणांमधला फरक, २०१७चा मानसिक आरोग्य कायदा, १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेलि-मानस हेल्पलाइन एवढं तरी माहीत असावं.

एका जागी फी भरून दुसऱ्या यादीची वाट बघायची वेळ येतेच. यूजीसीच्या २०१८च्या नियमानुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस आधी नाव काढलं तर थोडं प्रक्रिया शुल्क कापून बाकी सगळी फी परत मिळते, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवस होईपर्यंत ८०, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५०, नंतर काही नाही. मूळ प्रमाणपत्रं संस्थेला ठेवून घेता येत नाहीत: तपासून झाली की लगेच परत मागा, आणि रद्द करण्याचा अर्ज लेखी देऊन पोच घ्या.