गोचिडाचं औषध गाढवाला मारताय? आधी बाटली वाचा

पाऊस सरत आला की गोचीड वाढतात, मग गाई-म्हशींवर फवारून उरलेलं औषध गाढवाच्या अंगावर जातं, वाया कशाला घालवायचं म्हणून. बाटलीवर अमिट्राझ लिहिलेलं असेल तर अजिबात नको. गाई-म्हशींना ते चालतं, पण गाढव, घोडा, खेचर यांच्या आतड्याची हालचाल त्याने मंदावते, मोठ्या आतड्यात चारा साचून घट्ट बसतो आणि पोट गच्च होईपर्यंत फवारणी कुणाच्या लक्षातही नसते. मारलंच असेल तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरला सांगा.

खूर, दात किंवा जखमेच्या कामाला डॉक्टर गुंगीचं इंजेक्शन देतात ना, झायलाझिन किंवा डेटोमिडिन, तेही शरीरात त्याच वाटेने काम करतं, म्हणून गुंगी असेपर्यंत आतडी सुस्त राहतात, डेटोमिडिनची जास्त वेळ. इंजेक्शन गरजेचंच असतं, घाबरू नका, फक्त गाढव नीट जागं होईपर्यंत चारा टाकू नका, गिळणंही तेव्हा ढिलं असतं आणि घास अडकतो. नंतर दोन्ही भकाळींना मिनिटभर कान लावून ऐका, गुडगुड यायला पाहिजे. काहीच ऐकू आलं नाही, लीद पडली नाही किंवा बारीक, कडक, चिकट आवरणाच्या गोळ्या पडल्या तर वाट बघू नका.

अ‍ॅट्रोपिन हे औषध स्वतःहून कधीच देऊ नका. काही विषबाधांत ते जीव वाचवतं हे खरं, पण आतडी पार थांबवू शकतं, त्याचे डोळ्यात वारंवार टाकायचे थेंबसुद्धा पोटावर येऊ शकतात, तेव्हा ते चालू असतील तर लीद बघत राहा.

आणि गाढव घोड्यासारखं लोळून दाखवत नाही, नुसतं मान खाली घालून उभं राहतं, चारा सोडतं, लोक म्हणतात थकलंय. दुखण्याचं इंजेक्शन दिल्यावर तर ते ठीकच वाटतं पण आतला गोळा तिथेच असतो. जाड किंवा गाभण गाढवीने एक दिवस जरी खाल्लं नाही तरी फोन करा, उपासाने त्यांच्या रक्तात चरबी वाढते आणि ते जिवावर बेततं.

पोट मोकळं व्हावं म्हणून तोंडातून तेल मात्र ओतू नका, फुप्फुसात जातं, डॉक्टर नाकातून नळीने देतात. थंडी सुरू झाली की पाणी पिणं कमी होतं, तेव्हा कोमट पाणी ठेवा.