चेक फ्लाइटचं नियोजन आणि क्रू: या चुका टाळा

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडची बरीच मुलं एएमई (विमान देखभालीचे इंजिनिअर) होऊन आज नागपूरच्या मिहानमध्ये, हैदराबादला, होसूरला हँगरमध्ये काम करतात. मोठा चेक संपून विमान बाहेर निघालं की त्यांच्यातल्याच एखाद्याला निरोप येतो, ‘उद्या चेक फ्लाइटला तू बस.’ कागदोपत्री हे दुरुस्तीनंतर विमान तपासण्याचं तासा-दीड तासाचं उड्डाण. प्रवासी नाहीत, सामान नाही, केबिन क्रू नाही. तरीही याचं नियोजन रोजच्या फ्लाइटपेक्षा जास्त काटेकोर लागतं. इथे आपण एखादी यंत्रणा मुद्दाम बंद करतो, इशारा वाजेपर्यंत वेग उतरवतो आणि हे सगळं नुकत्याच उघडून पुन्हा जोडलेल्या विमानात करतो. खालचे आकडे पद्धत समजावी म्हणून आहेत. शेवटचा शब्द तुमच्या विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलचा आणि कंपनीच्या मंजूर प्रोग्रॅमचा.

मुळात उडायची गरज आहे का?

पहिली चूक इथेच होते. चाकं खाली-वर होतात का हे जॅकवर उभ्या विमानात दिसतं. केबिनची गळती जमिनीवर दाब भरून मोजता येते. इंजिन चालवून बघणं रन-अप बेवर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेवर होतं. असं असूनही जुन्या फाइलमधलं कार्ड, म्हणजे हवेत करायच्या चाचण्यांची यादी, झेरॉक्स होऊन येतं आणि त्यात कारखान्यातून नवं विमान निघताना करायच्या चाचण्याही तशाच राहिलेल्या असतात. कारखान्यात त्या प्रशिक्षित टेस्ट पायलट करतात, लाइनवरच्या कॅप्टनने त्या करणं ही वेगळी गोष्ट आहे. कार्डातल्या प्रत्येक ओळीपुढे लिहा: मॅन्युअलने मागितलंय का, कोणत्या कामामुळे, जमिनीवर का होत नाही. उत्तर नसेल तर ओळ काढा. साधारण निम्मं कार्ड तिथेच गळतं, आणि ते चांगलंच आहे.

उरलेल्या ओळींची जोखमीनुसार विभागणी करा. युरोपात २०१९ पासून मेंटेनन्स चेक फ्लाइटचे दोन स्तर नियमातच आहेत. असामान्य किंवा आणीबाणीची प्रक्रिया वापरावी लागणार असेल, किंवा बॅकअप यंत्रणा चालते का हे सिद्ध करायचं असेल, तर ‘ए’. बाकी सगळं ‘बी’. मोठ्या विमानांच्या ‘ए’ स्तरासाठी लेखी फ्लाइट प्रोग्रॅम आणि खास प्रशिक्षण घेतलेला कमांडर लागतो. आपल्याकडे डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाचे नियम लागू होतात ते होतातच, पण ही विभागणी घरच्या घरी केली तरी क्रू निवडताना डोकं स्वच्छ राहतं.

कार्डात थांबण्याचा आकडा नसणं

‘लो स्पीड चेक – ओके / नॉट ओके’ एवढंच लिहिलेलं कार्ड धोकादायक असतं. प्रत्येक चाचणीपुढे इतकं तरी हवं: उंचीचा पट्टा, वेगाचा पट्टा, फ्लॅप आणि गिअरची स्थिती, कोणता स्विच कोण हलवणार, अपेक्षित मूल्य, कोणत्या मूल्याला सोडून द्यायचं, आणि यंत्रणा पूर्ववत कशी करायची. यातला सहावा रकाना बहुतेक कार्डांत रिकामा असतो.

त्याची किंमत किती, ते फ्रान्समधल्या पर्पिन्यॉंला दिसलं. २७ नोव्हेंबर २००८ रोजी भाडेकरार संपलेलं एक ए३२० मालकाकडे परत देण्याआधी तपासणीसाठी उडालं. तीन दिवस आधी रंगकामापूर्वी ते पाण्याने धुतलं होतं, आणि सेन्सर झाकण्याची जी पद्धत ठरलेली आहे ती पाळली नव्हती. पाणी अँगल-ऑफ-अटॅकच्या (पंख हवेला कोणत्या कोनात भिडतो ते मोजणाऱ्या) सेन्सरमध्ये शिरलं, वर गेल्यावर गोठलं आणि तीनपैकी दोन सेन्सर एकाच कोनात अडकले. तिसरा बरोबर होता, पण अडकलेल्या दोघांचं एकमेकांशी जुळत होतं, त्यामुळे संगणकाने त्यांनाच खरं मानलं. स्टॉलपासून (पंखांची उचल अचानक जाण्यापासून) वाचवणारं संरक्षण तिथेच निकामी झालं, आणि कॉकपिटमध्ये कुणाला कळलं नाही.

पुढचं सगळं नियोजनातलं आहे. नेहमीच्या वाहतुकीच्या हवाई क्षेत्रात चाचण्या करायला एटीसीने (हवाई वाहतूक नियंत्रणाने) नकार दिला. कार्यक्रम हवेतच बदलत गेला. फ्लाइट लेव्हल १४० (सुमारे १४,००० फूट) च्या आसपास करायची लो स्पीड चाचणी उतरता उतरता सुमारे ३००० फुटांवर घेतली. संरक्षण आता जागं होईल म्हणून वेग कमी होऊ दिला. स्टॉलचा इशारा वाजला तेव्हा तो ९९ नॉट होता. तोवर ऑटोट्रिमने स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) नाक-वर दिशेच्या टोकापर्यंत नेला होता. कंट्रोल डायरेक्ट लॉमध्ये (संगणकाचं संरक्षण नसलेल्या स्थितीत) गेले, ऑटोट्रिम थांबलं, आणि हाताने ट्रिम करा ही सूचना पडद्यावर असताना कुणीच ट्रिमच्या चाकाला हात लावला नाही. पूर्ण थ्रस्टने नाक आणखी वर गेलं. विमानातले सातही जण गेले.

कार्डावर ‘या वजनाला अमुक नॉटपर्यंत संरक्षण आलं नाही तर नाक खाली, चाचणी रद्द’ असं लिहिलेलं असतं आणि ते वाचणारा माणूस ठरलेला असता, तर तिथेच थांबता आलं असतं.

हा आकडा त्या दिवशीच्या वजनावर काढायचा. चेक फ्लाइटचं विमान हलकं असतं आणि स्टॉलचा वेग वजनाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. ६२ टनांना ११० नॉट असेल तर ५० टनांना तो साधारण ९९. जुन्या कार्डावरचा ११० तसाच ठेवला तर इशारा उशिरा आला असं वाटून निरोगी विमानावर नोंद पडते. उलट्या बाजूने चूक झाली तर विमान आधी स्टॉल होतं. रिकाम्या केबिनमुळे गुरुत्वमध्यही सरकतो, आणि रंगकामानंतर वजन नव्याने केलेलं असेल तर लोडशीटमध्ये नवाच आकडा हवा.

क्रू: सीनियर आहे म्हणून

‘कॅप्टन दहा हजार तासांचा आहे, काय होतंय त्याला!’ हे वाक्य ऐकलं की कार्ड मिटून ठेवावं. दहा हजार तासांत त्या माणसाने खरं विमान स्टॉलच्या उंबरठ्यावर किती वेळा नेलंय, हा प्रश्न आहे. लाइनवरच्या पायलटचं उत्तर बहुधा ‘एकदाही नाही’ असंच येतं, आणि त्यात त्याचा दोष नाही.

२२ डिसेंबर १९९६ चा अमेरिकेतला डीसी-८ चा अपघात याचंच उदाहरण. मोठ्या बदलांनंतरचं तपासणी उड्डाण, दुपारी निघायचं ते मेंटेनन्समुळे रखडत अंधार पडल्यावर निघालं. खाली-वर ढग, क्षितिज नाही. स्टॉलची चाचणी घेताना स्टिक शेकर (कंट्रोल हादरवून स्टॉलचा इशारा देणारं यंत्र) चाललाच नाही, आणि सुटका करताना पायलटने कंट्रोल मागेच ओढून धरला. क्रूने सराव केलेला सिम्युलेटर त्या विमानाचा खरा स्टॉल दाखवतच नव्हता. सहाही जण गेले.

यावरून क्रू ठरवताना:

- कमांडरचं चेक फ्लाइटचं प्रशिक्षण झालेलं हवं आणि त्या प्रकारच्या विमानावर तो अलीकडे उडालेला हवा. को-पायलट रोस्टरमधून उरलेला कुणीतरी नको. दोघांनी कार्ड एकत्र वाचलेलं हवं.
- एक उडवतो, दुसरा फक्त उपकरणं आणि वेग पाहतो. कार्ड वाचणं आणि आकडे लिहिणं तिसऱ्याचं काम, आणि तो तिसरा म्हणजे जंप सीटवरचा एएमई. पाहणाऱ्या पायलटच्या हातात पेन दिलं की पाहणं संपतं.
- तिघांचे हेडसेट एकाच इंटरकॉमवर. ‘स्टॉप’ हा शब्द कुणीही उच्चारला की चाचणी तिथेच सोडून विमान सरळ करायचं; कारण नंतर विचारायचं.
- भाडेकरार परतीच्या उड्डाणात घेणाऱ्या कंपनीचा प्रतिनिधी मागून ‘हेही बघून घेऊ’ म्हणतो. त्याची मागणी आदल्या दिवशी कार्डात आली तरच. कॉकपिटमध्ये हुकूम कमांडरचाच.
- ज्याचं नाव एखाद्या कामापुढे नाही तो विमानात नाही. गावाकडे विमान आलं की ‘साहेब, भाच्याला एक चक्कर’ अशी विनंती येते. नम्रपणे नाही म्हणा, आणि हे काम कमांडरवर न टाकता स्टेशन मॅनेजरने करावं.

ड्युटीचे तास क्रू रिपोर्ट करतो तिथून मोजा. विमान सकाळी ७ ला देऊ म्हणणारं हँगर दुपारी ३ ला देतं. मेंटेनन्स रिलीजवर सही झाल्याशिवाय क्रूला बोलावूच नये.

तोंडी निरोप

१२ जानेवारी २००९ रोजी इंग्लंडमध्ये नॉरिचच्या पश्चिमेला ७३७-७०० चं चेक फ्लाइट सुरू होतं. चाचणी अशी की एलिव्हेटरचं (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीचं) हायड्रॉलिक बंद करायचं आणि हाताने विमान सांभाळता येतं का पाहायचं. १५,००० फुटांवर हायड्रॉलिक बंद करताच नाक जोरात खाली गेलं. विमान सावरलं तेव्हा उंची ५,६०० फूट होती, आणि मधल्या वेळात उतरण्याचा वेग मिनिटाला २१,००० फुटांपर्यंत गेला होता. कारण असं निघालं की आधीच्या उड्डाणात दिसलेला ट्रिमचा फरक तोंडी सांगितला गेला, दिशा उलटी उतरली, आणि बॅलन्स टॅब (एलिव्हेटरवरची छोटी पट्टी) हँगरमध्ये चुकीच्या बाजूला फिरवला गेला. दुरुस्तीने दोष दुप्पट झाला.

‘नाक जरा जड आहे’, ‘थोडं वर घ्या’ अशी भाषा म्हणूनच चालत नाही. हे ‘वर’ नाकाचं, एलिव्हेटरचं की टॅबचं? नोंद अशी हवी: उंची, वेग, वजन, हायड्रॉलिक चालू असताना ट्रिम किती युनिट, बंद केल्यावर विमान सरळ ठेवायला किती युनिट, फरक किती आणि कोणत्या दिशेला. हे टेक लॉगमध्ये (विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत), कमांडरच्या सहीने. चहाच्या टपरीवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेलं काम टास्क कार्डवर चढत नाही, आणि जे टास्क कार्डवर नाही त्याची दुसऱ्याने तपासणीही होत नाही.

उडण्याआधीचा फेरा उरकणं

रंगकाम, धुलाई किंवा दाब-चाचणीनंतर फेरा नेहमीच्या दुप्पट वेळाचा धरा. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून निघालेलं ७५७ पडलं ते स्टॅटिक पोर्टवर (उंची आणि वेग मोजायला हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर) धुलाईच्या वेळी लावलेली टेप तशीच राहिल्यामुळे. १४ ऑगस्ट २००५ ला ग्रीसमध्ये पडलेल्या ७३७ मध्ये जमिनीवरच्या दाब-चाचणीनंतर प्रेशरायझेशनचा स्विच मॅन्युअलवरच होता. ही दोन्ही प्रवासी उड्डाणं होती. चेक फ्लाइट तर याच कामांनंतरचं पहिलं उड्डाण असतं. टेप लावायची तर भडक रंगाची, प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि काढलेले तुकडे मोजून पाटीवर चिकटवायचे. ओव्हरहेड पॅनेलवरचा प्रत्येक स्विच आणि सर्किट ब्रेकर चेकलिस्टवर विसंबून न राहता रांगेने बोट ठेवून बघायचा.

उजळाईवाडीहून करायचं झालं तर

समजा इथे उभ्या असलेल्या एटीआर किंवा एम्ब्राएरवर असं काम झालं. कोल्हापूरचा हा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फुटांवर आहे. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांना हवेच्या घनतेच्या हिशेबाने तो ५२०० फुटांवर असल्यासारखा वागतो. एका इंजिनावरची चढण त्याच हिशेबाने तपासा. त्याच दुपारी वळवाचे ढग उभे राहतात, म्हणून उन्हाळ्यात सकाळचीच वेळ. हिवाळ्यात उलट: पंचगंगेच्या खोऱ्यातलं धुकं आणि ऊस तुटल्यावर पेटवलेल्या पाचटाचा धूर यामुळे सकाळी क्षितिज पुसट असतं, तेव्हा दहानंतर निघा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेतीननंतर टेक-ऑफ नाही. जून ते सप्टेंबर स्टॉलजवळच्या चाचण्या इथे करूच नयेत; विमान कोरड्या भागात हलवा.

उंचीही सह्याद्री धरून मोजा. पन्हाळाच तीन हजार फुटांच्या आसपास आहे. लो स्पीड चाचणी शक्यतो पूर्वेकडच्या मोकळ्या भागात, जमिनीपासून किमान १०,००० फूट वर, खाली ढग नसताना. आकाशही मोकळं समजू नका: पुण्याला हवाई दल, गोव्याला नौदल, बेळगावला पुन्हा हवाई दल. एटीसीशी आदल्या दिवशी फोनवर बोला, कोणता भाग, कोणता उंचीचा पट्टा, किती मिनिटं हे ठरवा आणि फ्लाइट प्लॅनच्या शेऱ्यात लिहा. हवेत गेल्यावर पट्टा मिळाला नाही तर ती ओळ ‘झाली नाही’ म्हणून खोडायची आणि परत यायचं. अ‍ॅप्रोचवर ‘जाता जाता’ कोणतीही चाचणी नाही.

हवेत गडबड दिसली तर

आकडा जुळला नाही: यंत्रणा पूर्ववत करा, सरळ उडा, मगच बोला. तीच चाचणी पुन्हा घ्यायची तर फक्त कार्डात परवानगी असेल तर, आणि एकदाच.

वेळ संपत आला, ओळी उरल्या: सगळ्यात जोखमीच्या ओळी शेवटी ठेवल्याचा हा परिणाम. त्या ओळी पुरेशा उंचीवर, ताज्या डोक्याने, इंधन भरपूर असताना यायला हव्यात. उरलेल्या दुसऱ्या उड्डाणाला.

एकाच वेळी दोन यंत्रणा बंद आहेत असं लक्षात आलं: आधीची पूर्ववत करायची राहिली. कार्ड थांबवा, पॅनेल वरपासून वाचा.

इशारा अपेक्षित असताना आलाच नाही: हा निकाल आहे, तो लिहा आणि सोडा. आणखी दोन नॉट उतरवून बघायचं नाही.

उतरल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वीच कार्ड आणि टेक लॉग समोरासमोर ठेवून तिघांनी आकडे जुळवावेत. पायऱ्या उतरल्या की फोन सुरू होतात आणि युनिटपुढची दिशा लिहायची राहून जाते.