रात्रीचा मोबाइल सुटत नसेल तर

मोबाइल कमी करायचा म्हणून पहिल्याच दिवशी ॲप काढून टाकू नका. पहिले सात दिवस काहीच बदलायचं नाही, फक्त बघायचं. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ उघडा. एकूण तास बघून घाबरायला होतं, पण त्यातून फारसं कळत नाही. ऑफिसचं काम, बँक, मुलीच्या शाळेचा ग्रुप, सगळंच त्यात येतं. खरी माहिती दोन आकड्यांत असते: दिवसात फोन किती वेळा अनलॉक झाला किंवा उचलला गेला आणि रात्री दहानंतर कोणतं ॲप किती मिनिटं चाललं. रोज रात्री हे दोन आकडे कॅलेंडरच्या चौकटीत लिहा. शेजारी एक शब्द लिहा: कंटाळा, राग, एकटेपणा, थकवा. आठवड्याभरात फोन नेमका कधी हातात जातो ते दिसायला लागतं.

हात का जातो, हेही समजून घेतलं पाहिजे. बक्षीस दर वेळी मिळालं तर त्याची ओढ तेवढी टिकत नाही. कधी मिळतं, कधी नाही, तेव्हा ती चिवट होते. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. रील्समध्ये नेमकं हेच होतं: दहा रटाळ, अकरावी झकास. त्यात खाली तळच नसतो, म्हणून थांबायची जागा सापडत नाही. याला मनाचा दुबळेपणा म्हणणं चुकीचं आहे. घरात असं बोललं गेलं की मूल लपून बघायला लागतं, आणि मग काम दुप्पट अवघड होतं.

दुसऱ्या आठवड्यात हात आणि फोन यांच्यामध्ये अडथळे घालायचे. सगळ्यात परिणामकारक अडथळा चार्जरचा. घरातले सगळे चार्जर झोपायच्या खोल्यांतून काढून दिवाणखान्यात एका जागी आणा, आईबाबांचेही. ‘अलार्मसाठी फोन लागतो’ ही सबब हमखास येते. त्यासाठी सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ आणा. माणसं आणि बँक सोडून बाकीची नोटिफिकेशन्स बंद करा. व्हॉट्सॲप ग्रुप ‘नेहमीसाठी’ म्यूट करा. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून आधीची पुसली की होमपेजवर शिफारशींची रांग लागत नाही, जे बघायचं ते शोधावं लागतं. रात्री अँड्रॉइडच्या बेडटाइम मोडमधून स्क्रीन कृष्णधवल करा. हा उपाय एकट्याने पुरत नाही, जोडीला ठीक.

ॲप टायमर मात्र बऱ्याचदा फसतो. अर्धा तास संपला की माणूस सेटिंग्जमध्ये जाऊन तो वाढवतो आणि चार दिवसांत त्याची सवय होते. आयफोनवर स्क्रीन टाइमचा पासकोड घरातल्या दुसऱ्याने घालावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत अशी सोय नसते. तिथे ॲप काढून तीच साइट ब्राउझरमधून, दर वेळी पासवर्ड टाकून उघडायची. तेवढी कटकट पुष्कळदा पुरते. रात्री वायफाय बंद करण्यातही एक गोम आहे: फोनचा स्वतःचा डेटा चालूच असतो. दिवसाला दीड-दोन जीबी देणाऱ्या प्लॅनचा डेटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो. आजचा उरलेला ‘संपवायचा’ आणि बारा वाजता नवीन मिळायचा, म्हणून मुलं जागी राहतात.

गेम खेळणाऱ्या मुलाचा फोन मधेच ओढून घेऊ नका. टीमच्या मोठ्या मॅचला साधारण अर्धा तास लागतो. मधे सोडली तर टीम हरते, मित्र बोलतात, आणि मुलाचा राग तुमच्यावर निघतो. घड्याळाऐवजी मॅच मोजा. “बाळा, जेवणाआधी एक, नंतर एक,” असं ठरवा आणि दुसरी संपायच्या वेळी शेजारी जाऊन बसा. सुरुवातीचे काही दिवस चिडचिड होणारच. त्याला उत्तर म्हणून शिक्षा वाढवू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला जेवताना मोबाइल दाखवणं मात्र पूर्ण थांबवा. दोन ते पाच वयाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते.

आता रिकाम्या झालेल्या वेळेचं काय? वडोदऱ्यात असाल तर सकाळी कमाटीबागेत फिरायला जा, हा सल्ला उत्तम. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररीही उत्तम, महाराज सयाजीराव गायकवाडांनी 1910 साली सुरू केलेली. पण तुमची अडचण रात्री साडेनऊ ते अकरा या वेळेतली असेल तर यातलं काहीच त्या वेळी हाताशी नसतं. पर्याय त्याच वेळेचा, घरातला किंवा घराजवळचा हवा: कॅरम, पत्ते, पेटीचा रियाज, आजीबरोबर झोपाळ्यावर गप्पा, सूरसागर तलावाच्या काठाने एक फेरी. सामान आधीच बाहेर काढून ठेवा. कॅरमबोर्ड कपाटामागे असेल तर फोनच जिंकतो. आणि हे सगळं नवरात्रात सुरू करू नका. गरब्याहून उशिरा परतल्यावर व्हिडिओ टाकणं आणि लाइक बघणं चालूच राहतं, आणि योजना पहिल्याच आठवड्यात मोडते. कोजागिरीनंतर घ्या.

एवढं करूनही जमत नसेल तर? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत, जी 2022 पासून लागू आहे, ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणं, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणं, आणि हे साधारण वर्षभर टिकणं, ही त्याची लक्षणं. शाळेत जाणं बंद झालं असेल, झोप उलटीपालटी झाली असेल, पैसे गेले असतील किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा येत असेल, तर वर्ष मोजत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत चालतो, मराठीत आणि गुजरातीतही बोलता येतं. वडोदऱ्याच्या सयाजीराव जनरल हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2014 पासून खास याच कामाचं ‘शट’ क्लिनिक चालतं. डॉक्टरांकडे जाताना कॅलेंडरची ती पानं आणि झोपेच्या वेळा बरोबर न्या. मुलाला आत एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.