गाडीतला कुबट वास: आधी पाणी शोधा, शॅम्पू नंतर

गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत गाडी बाहेरून फुकटात धुतली जाते आणि आतून कुजते. तरी घरी गाडी कशी साफ करावी म्हणून जो तो सांगतो ते बाहेरच्या चकाकीचं. बाहेरचं काम सकाळी दीड तासात उरकतं. आतलं काम दोन दिवस खातं, म्हणून सुरुवात तिथून करायची.

मुहूर्त एकच पाहा: चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर, दसऱ्याच्या आगेमागे, सलग दोन दिवस कडक ऊन. ढग असतील तर थांबा. पावसाळ्यात सीटला शॅम्पू लावण्याइतका मूर्खपणा नाही, आणि तो मी केलेला आहे.

माझी पहिली गाडी सेकंड हँड होती. डिचोलीला घरासमोर फणसाखाली उभी असायची. पहिल्याच पावसाळ्यात दार उघडलं की भपका यायचा. मी आधी परफ्यूमची बाटली लावली. मग दुसरी. मग जुलैत एका ठिकाणी पैसे मोजून सीट, कार्पेट सगळं फेस काढून धुऊन घेतलं. गाडी हातात मिळाली तेव्हा लिंबाचा वास येत होता. चौथ्या दिवशी आई मागच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "गाडीत उकडे तांदूळ भिजत घातलेस की काय रे?" तिने नेमकं ओळखलं होतं. काहीतरी भिजतच पडलेलं होतं, आणि मी पैसे देऊन त्यात आणखी पाणी ओतलं होतं.

ओल कुठे आहे

वास सीटमधून येतो असं वाटतं. बहुतेक वेळा तो पायाखालून येतो. कार्पेटच्या खाली जाड नमद्याचा किंवा फोमचा थर असतो. वरचं कार्पेट हाताला कोरडं लागतं आणि खालचा थर भिजलेल्या स्पंजासारखा बसलेला असतो. म्हणून वरून हात फिरवून काही कळत नाही. रबरी मॅट काढा, वर्तमानपत्राची चार पदरी घडी ठेवा आणि तिच्यावर टाच रोवून पूर्ण वजन द्या. पाच-दहा सेकंद. कागदावर ओलसर गोल उमटला तर पाणी खाली आहे. चारही जागी हे करा, कारण पुढे काय करायचं ते कुठला कागद भिजला त्यावर ठरतं.

फक्त पुढची डावी बाजू भिजली असेल तर पहिला संशय एसीवर. एसीत जमणारं पाणी एका बारीक नळीतून गाडीखाली पडायला हवं. आपल्याकडच्या दमट हवेत एसी दहा-पंधरा मिनिटं चालला की खाली टपटप थारोळं दिसलंच पाहिजे. दिसत नसेल तर नळी तुंबली आहे आणि ते सगळं पाणी शेजारच्या माणसाच्या पायाशी उतरतं आहे. माझ्या गाडीत हेच होतं. नळीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं! ते काढायला लागला केरसुणीचा एक हीर आणि दोन मिनिटं. मिळालं त्याचं कारण इतकंच की मी गाडीखाली शिरून पाहिलं. लोखंडी तार मात्र घालू नका, आत नळी सुटली किंवा फाटली तर डॅशबोर्ड उतरवायची वेळ येते.

पाणी गढूळ असेल, तांबडा गाळ किंवा पानांचे तुकडे लागत असतील, तर ते पावसाचं आहे. वायपरच्या खालची जाळी पाहा. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या जाळीत फणसाची, आंब्याची पानं कुजून लगदा झालेला असतो, पाणी वाहायची भोकं बुजतात आणि ते आत वाट काढतं. लगदा हाताने उपसा, पाइपने तो आत ढकलू नका. एवढं करूनही कळलं नाही तर एकाला टॉर्च घेऊन आत बसवा आणि बाहेरून पाइपची हलकी धार सोडा. धार खालून सुरू करून हळूहळू वर न्या. वरून सुरू केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच उमगत नाही. उजव्या-डाव्या कुठल्याही बाजूला पाणी तेलकट आणि गोडसर वासाचं लागलं तर ते इंजिनचं कूलंट आहे. तिथे हात लावू नका, मेकॅनिककडे जा.

वाळवणं, म्हणजे खरं काम

सीट काढायच्या भानगडीत पडू नका. तसं सांगणारे पुष्कळ भेटतील. बऱ्याच गाड्यांत सीटखाली एअरबॅगच्या वायरी असतात, आणि त्या सोडवून चुकून चावी फिरवली तर डॅशबोर्डवर दिवा लागतो तो घरी विझत नाही. त्याची गरजही नसते. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी क्लिपांवर बसवलेली असते. ती बोटांनी एका टोकापासून वर ओढा (स्क्रू ड्रायव्हरने उचकटली तर क्लिप मोडते, माझ्या तीन मोडल्या). आता कार्पेटची कड मोकळी होते. ती उचला आणि खाली आधाराला नारळाची करवंटी पालथी ठेवा. खरंच सांगतो, लाकडाच्या ठोकळ्यापेक्षा ती बरी, घसरत नाही आणि भिजून फुगत नाही.

खालचा थर आधी जुन्या टॉवेलने दाबून पिळा. टॉवेल अंथरा, वर उभे राहा, उचला, पिळा. माझ्या गाडीतून अर्ध्या बादलीच्या वर पाणी निघालं, चहासारखं तपकिरी. टॉवेल जवळजवळ कोरडा निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. कंटाळा येतो. इथे कंटाळलात तर पुढचं सगळं वाया.

मग चारही दारं उघडी, टेबल फॅनचा झोत थेट उचललेल्या कार्पेटच्या पोटात. दिवसभर. आतल्या दिव्याने बॅटरी उतरते, तो बंद करा. संध्याकाळी दव पडायच्या आत दारं लावा, कारण रात्रीची दमट हवा दिवसभराची मेहनत परत पिते. दारं लावल्यावर एसी आणि हीटर दोन्ही एकदम चालू करा, हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबून अर्धा तास. एसी हवेतली ओल ओढतो, हीटर फोममधली ओल बाहेर काढतो. हे उघड्या अंगणातच, आत कोणी न बसता. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवलं तर माणूस मरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फॅन. तिसऱ्या सकाळी वर्तमानपत्राची चाचणी. कागद कोरडा निघाला तरच कार्पेट खाली बसवा. "जवळजवळ कोरडं" असं काही नसतं. मी एकदा तेवढ्यावर समाधान मानलं आणि आठवड्यात वास परत हजर.

बुरशी

सीटवर, स्टिअरिंगवर पांढरट-हिरवी भुकटी दिसते ती. कोरड्या ब्रशने झाडू नका, ती उडून सगळ्या गाडीत पसरते आणि तुमच्या नाकात जाते. मास्क लावा, दारं उघडी ठेवा, फडक्यावर 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा आणि दर दोन पुसण्यांना फडक्याची बाजू बदला. चामड्यावर किंवा रंगीत कापडावर आधी सीटच्या मागच्या कोपऱ्यात लावून पाहा. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही नको, विषारी वायू सुटतो.

सीटचे पट्टे सगळे विसरतात. पट्टा शेवटपर्यंत ओढा, आत गुंडाळलेल्या भागावरच काळे ठिपके असतात. कोमट पाणी आणि साधा साबण, बस्स. ब्लीचने पट्ट्याचे धागे कमजोर होतात. पूर्ण वाळेपर्यंत पट्टा आत जाऊ देऊ नका, वर कपड्याचा चिमटा लावून ठेवा.

केबिन फिल्टर, म्हणजे एसीची हवा गाळणारा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काळा दिसला तर बदला. घर यायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवायची सवय लावा, आतली जाळी कोरडी राहते.

डिकी

मासळीची पिशवी. ती कितीही घट्ट बांधा, बांगड्याचं पाणी गळतंच. वर फिनेल ओतलं की दोन्ही वास एकत्र येतात. मासे कापल्यावर हाताला लिंबू चोळतो तेच तत्त्व इथे: तो वास आंबटाने मरतो. अर्धं पाणी, अर्धं पांढरं व्हिनेगर, फडक्याने टिपून लावा, वाळू द्या, वर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवा, सकाळी व्हॅक्यूम. स्टेपनी उचलून तिच्या खालचा खड्डाही पाहा, पाणी तिथेच साचतं. पुढच्या वेळी बादली न्या, झाकणाची.

बाहेर

सावलीत, बॉनेट थंड असताना. आधी नुसती पाण्याची धार, भरपूर. आपली तांबडी माती मऊ दिसते पण तिच्यात कण असतात, आणि खनिजाच्या ट्रकांमागून येणाऱ्यांनी तर कोरडं फडकं गाडीला लावूच नये. पेट्रोल पंपावर कोणी आपुलकीने कोरड्या कपड्याने पुसायला आलं तर हात जोडा. दोन बादल्या, एकीत कारचा शॅम्पू, एकीत फडकं खळबळायला. छपरापासून खाली, चाकं शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. भांडी घासायचा साबण वॅक्सही घेऊन जातो. मोरजी, मिरामार बाजूला राहणाऱ्यांनी गाडीच्या पोटाखालीही धार मारावी, खारं वारं तिथेच खातं. पक्ष्याची घाण खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवलं की सुटते. मायक्रोफायबरने टिपून घ्या. वॅक्स हवं तर लावा.

दसऱ्याला पूजा करणार असाल तर हळद-कुंकू थेट रंगावर नको, नंबर प्लेटवर चालेल. ओलं कुंकू पांढऱ्या बॉनेटवर गुलाबी डाग सोडून जातं.

शेवटी दारं उघडून त्यांच्या खालच्या कडेला बोट फिरवा. तिथे दोन-तीन बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. चिखलाने बुजली असतील तर हीर घालून मोकळी करा. मोकळी नसली तर पाणी दाराच्या पोटात साठतं आणि वळणावर डुचमळताना ऐकू येतं.