पोलीस भरतीचं मैदान: नडगी धरण्याआधी या चुका टाळा

जाहिरातीची कुणकुण लागली की पहाटे पाचला शाळांची मैदानं भरतात. आणि काही आठवड्यांतच त्यातली बरीच पोरं नडगीवर बर्फ चोळत कट्ट्यावर बसलेली दिसतात.

पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. आता हे तिन्ही प्रकार रोज जीव तोडून करायचे, रोज स्टॉपवॉच लावायचं, यालाच अनेक जण तयारी म्हणतात. ही तयारी नव्हे, रोजची परीक्षा झाली. टायमिंग पंधरा दिवसांतून एकदा घेतलं तरी पुरे. आठवड्यात वेगाचे राउंड दोनच दिवस, एक दिवस पूर्ण सुट्टी आणि बाकी धावणं इतकं सावकाश, की सोबतच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. हे सावकाश धावणं पोरांना कमीपणाचं वाटतं, दुखापतींचं मूळ तिथेच आहे.

नडगीचं थोडं सविस्तर सांगतो. दम तीन-चार आठवड्यांत वाढतो, पण हाडाला त्या आदळआपटीची सवय व्हायला महिने लागतात. त्यामुळे दम म्हणतो 'अजून दोन राउंड', आणि नडगी बोलू लागते. आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखत असेल, धावताना अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर धावणं निम्म्यावर आणा, डांबरी रस्ता सोडून मातीवर या, पोटऱ्यांसाठी टाचा उचलण्याचा व्यायाम धरा. पण एका बोटाने दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल, एका पायावर उडी मारताना कळ येत असेल, रात्री ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी बंद आणि हाडांचे डॉक्टर गाठा. हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणत पुन्हा मैदानात उतरू नका. पेनकिलर खाऊन धावणं तर सरळ मूर्खपणा आहे: दुखणं झाकतं, चीर वाढते, आणि घामाने पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच.

१०० मीटर गार अंगाने मारू नका. मांडीचा मागचा स्नायू तिथेच धरतो. आधी हळू धावणं, मग वाढत्या वेगाच्या तीन-चार धावा.

मुलांचा गोळा ७.२६० किलोचा. तो चेंडूसारखा भिरकावला की खांदा आणि कोपर दोन्ही जातात. मानेला टेकवून, कोपर वर ठेवून, पायातून जोर काढून ढकला. आठवड्यातून दोन दिवस बास.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. सलग तीन-चार दिवस ती नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी जास्त, झोप उडालेली, चिडचिड आणि मेहनत वाढवूनही टायमिंग घसरलेलं, असं असेल तर आठवडाभर सराव निम्मा करा. अशा वेळी अकॅडमीतले सर 'आळस आहे' म्हणून शिक्षेच्या बैठका लावत असतील, तर सर बदला. सवय नसताना शेकडो बैठका काढल्यावर मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी कोकाकोलासारखी गडद झाली, तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर बेतलेलं असू शकतं. घरगुती उपाय करत बसू नका, तासाभरात दवाखान्यात पोचा.