घरी बीफ फहिता करताय? मग या चुका टाळा

"मसाला कोणता टाकतेस गं?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि खरं सांगायचं तर फहिता (भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या टॉर्टियात, म्हणजे मेक्सिकन पोळीत घालून खायचा पदार्थ) बिघडायला मसाला जवळपास कधीच कारण नसतो. बिघडतो तो तीन ठिकाणी, मांस कुठलं आणलं, तव्यावर कसं टाकलं आणि शिजल्यावर सुरी कुठल्या दिशेने फिरवली. इथे ह्यूस्टनमध्ये आपल्या मराठी घरांत मी तेच तेच प्रकार बघत आलेय म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय.

मूळ अडचण अशी की आपल्याला सवय मटणाची. इथे येईपर्यंत आपल्यातल्या बहुतेकांनी बीफ कधी शिजवलेलं नसतं, महाराष्ट्रात तर २०१५ पासून गाय-बैलाच्या मांसावर कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे हात आपोआप मटणासारखा चालतो, बारीक तुकडे करा, आलं-लसूण चोळा, झाकण ठेवा, पाणी आटेपर्यंत शिजू द्या. मटणाला हे सगळं बरोबर आहे. फहिताच्या मांसाला यातली एकही गोष्ट चालत नाही.

मांस कुठलं

फहिताला लागतो स्कर्ट स्टेक, जनावराच्या छाती-पोटाकडचा लांबट पातळ पट्टा. दक्षिण टेक्सासात रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातल्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मळ्यांवर, १९३० च्या दशकात गुरं कापली की मुंडकं, कातडं, आतडी आणि हे असले पट्टे मेक्सिकन कामगारांना मजुरीचा भाग म्हणून मिळायचे, आणि त्यांनी ते मेस्किटच्या निखाऱ्यांवर भाजून टॉर्टियात घालून खाल्ले, तोच हा पदार्थ. (मेस्किट म्हणजे आपल्याकडे माळावर माजते ती वेडी बाभूळ, तिच्याच कुळातलं झाड.) पुढे १९६९ मध्ये ऑस्टिनजवळच्या काइल गावात सनी फाल्कन यांनी उत्सवात स्टॉल लावून हे विकलं, १९७३ मध्ये ह्यूस्टनच्या नॅव्हिगेशन बुलेवार्डवर निन्फा लॉरेन्झो यांनी आपल्या टॉर्टियाच्या कारखान्यात छोटं हॉटेल काढलं, आणि १९८२ मध्ये ऑस्टिनच्या हयात रिजन्सी हॉटेलने ते चरचरत्या तव्यावर टेबलावर आणायला सुरुवात केली. मग काय, मागणी वाढली, जपाननेही हा पट्टा इथून भरपूर उचलायला सुरुवात केली आणि मजुरांना वाटून टाकायचं मांस महाग झालं.

हे एवढं सांगतेय कारण दुकानात फसगत होते ती इथेच. महाग झालं म्हणून "फहिता मीट" या नावाखाली काहीही पातळ कापून विकतात. रंगीत मसाल्यात बुडवलेलं पाकीट तर मी घेतच नाही, आत कुठला तुकडा आहे ते दिसत नाही आणि वर पाण्याचं वजन आपल्या पैशाने घरी येतं. कार्निसेरियात, म्हणजे मेक्सिकन खाटकाच्या दुकानात जा, मसाला न लावलेलं मागा, आणि "आउटसाइड स्कर्ट" असं स्पष्ट सांगा. आउटसाइड म्हणजे डायफ्रामचा, छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या स्नायूचा पट्टा, तीन-चार इंच रुंद, जाडसर आणि मऊ, होलसेलच्या खोक्यावर त्याचा नंबर १२१सी असतो. इनसाइड स्कर्ट, १२१डी, तो जास्त रुंद, पातळ आणि चिवटपणाकडे झुकणारा, तो स्वस्त मिळतो आणि नीट कापला तर चालतो. दोन्ही नाही मिळाले तर फ्लँक किंवा सरलॉइन फ्लॅप घ्या. स्ट्यू मीट कधीच नाही, ते तासन् तास शिजवायचं मांस आहे, ते तव्यावर पाच मिनिटांत मऊ होणार नाही, कितीही लिंबू पिळा.

घरी आणल्यावर पांढरट पापुद्रा राहिला असेल तर तो काढा, एका टोकाला सुरीने थोडा सोडवायचा आणि पेपर टॉवेलने धरून ओढायचा. कंटाळा करू नका, तो शिजून मऊ होत नाही, आकसतो आणि पट्टा वाकडा होतो.

आधी कापून मग परतणं

ही चूक इतकी पसरलीय की लोकांना ती चूकच वाटत नाही. पट्ट्या कापायच्या, सगळ्या एकदम पॅनमध्ये ओतायच्या, वरून कांदा आणि ढोबळी मिरची पण त्यातच, आणि मग उलथन्याने ढवळत बसायचं. होतं काय, थंड मांसाचा ढीग पडला की तवा गार होतो, मांस पाणी सोडतं, आणि ते पाणी आहे तोवर मांसाचा वरचा भाग १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही (इथे सगळे अंश सेल्सिअसमध्येच सांगतेय). खरपूस तपकिरी रंग यायला साधारण १४० च्या वर जावं लागतं. म्हणजे तुम्ही मांस भाजत नाही आहात, उकडताय. मग आपली मटणाची सवय सांगते की आटू दे पाणी, आणि ते आटेपर्यंत पट्ट्या करड्या आणि चामड्यासारख्या होतात.

मी काय करते ते सांगते. पट्टा अख्खा ठेवते, तव्यात मावेल एवढेच दोन-तीन मोठे तुकडे करते. मॅरिनेडमधून (भिजवायचा मसाला, तो खाली सांगितलाय) काढून पेपर टॉवेलने दोन्ही बाजू पुसून कोरड्या करते, आणि हे पुसणं लोकांना जिवावर येतं, "अहो सगळा मसाला जाईल" म्हणतात, नाही जात. बिडाचा तवा मोठ्या आचेवर चांगला तापू देते, धूर दिसायला लागला की थोडं तेल, शेंगदाण्याचं किंवा अव्होकाडोचं, आणि मांस टाकून हात लावायचा नाही. एका बाजूला दोन-तीन मिनिटं, उलटून परत तेवढीच. नॉनस्टिक पॅन या कामाला आणू नका, २६० अंशांच्या पुढे त्याचं कोटिंग खराब व्हायला लागतं आणि त्या वाफा घरात नकोत. एक्झॉस्ट आधीच लावा, खिडकी उघडा, जमलं तर अंगणात ग्रिलवरच करा.

मांस आतून ५५-५७ अंशांना आलं की मी उतरवते. इथल्या कृषी खात्याचा, यूएसडीएचा सल्ला ६३ अंश आणि मग तीन मिनिटं विसावा असा आहे, घरात लहान मुलं, गरोदर बाई किंवा म्हातारी माणसं असतील तर तोच पाळा. पाकिटावर "मेकॅनिकली टेंडराइज्ड" लिहिलेलं असेल तर सगळ्यांसाठीच ६३, कारण सुया टोचून मऊ केलेल्या मांसात बाहेरचे जंतू आत जातात, २०१६ पासून असं मांस लेबलवर लिहावंच लागतं. आणि ताटात जो लालसर रस दिसतो ते रक्त नाही हो, तो मायोग्लोबिन या मांसातल्या प्रथिनाचा रंग आहे. त्याला घाबरून परत तव्यावर टाकू नका.

सुरीची दिशा

आता माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा मुद्दा. एका मैत्रिणीच्या मुलाच्या ग्रॅज्युएशनची पार्टी होती, मागच्या अंगणात. तिच्या नवऱ्याने सगळं अगदी मन लावून केलं होतं, आउटसाइड स्कर्ट शोधून आणला, पापुद्रा काढला, मेस्किटचे निखारे केले, मांसाला असा काही रंग आला होता की सगळे कौतुक करत होते. मग ते मांस कापायला एका हौशी पाहुण्यांकडे गेलं, त्यांनी लांब पट्टा बोर्डवर आडवा ठेवला आणि पावाची लादी कापावी तसं एका टोकापासून कापत गेले, सुंदर लांब लांब पट्ट्या, दिसायला एकदम हॉटेलसारख्या. पहिल्या घासाला सगळे गप्प. मग चावणं. टॉर्टियाचा घास तोडला की आतली अख्खी पट्टी बाहेर ओढून यायची, मुलांनी तर मांस काढून बाजूला ठेवलं. मैत्रिणीचा चेहरा उतरला, मला हळूच विचारते, "अगं, मांस खराब दिलं का गं त्याने?"

मांसात काही दोष नव्हता. मी ती परात आत नेली, त्या लांब पट्ट्या जुडीसारख्या एकत्र धरल्या आणि आडव्या कापून त्यांचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे केले. तेच मांस, तेच भाजलेलं, बाकी काही केलं नाही. बाहेर नेल्यावर दहा मिनिटांत परात रिकामी, आणि मघाशी मांस बाजूला काढणारी मुलं दुसऱ्यांदा घ्यायला आली.

कारण असं आहे. मांसाचे धागे खराट्याच्या काड्यांसारखे एका दिशेने लावलेले असतात, आणि स्कर्टची गंमत ही की ते पट्ट्याच्या लांबीत नसतात, रुंदीत असतात. त्यामुळे लांब पट्टा समोर आला की हात ज्या दिशेने सहज कापतो, नेमका त्याच दिशेने धागा अख्खा राहतो आणि तो तोडायचं काम दातांवर येतं. म्हणून आधी पट्ट्याचे तीन-चार इंचांचे तुकडे करायचे, मग प्रत्येक तुकडा काटकोनात फिरवायचा, आणि मग धाग्यांच्या आडवं, पातळ कापायचं. शिजण्याआधी धागे स्वच्छ दिसतात, तेव्हाच बघून ठेवा, भाजल्यावर काळपट पृष्ठभागाखाली ते पटकन कळत नाहीत. मी तर कापलेला पहिला तुकडा हातात धरून दोन्हीकडून हलकं ओढून बघते, चटकन तुटला तर दिशा बरोबर. आणि कापायच्या आधी सात-आठ मिनिटं मांस तसंच ठेवा. पाहुणे भुकेले असतील तर त्यांना चिप्स-साल्सा द्या, पण ही मिनिटं कापू नका. घाई करणाऱ्यांचा सगळा रस बोर्डवर सांडतो आणि मग ते मांस कोरडं झालं म्हणतात.

बाकीचं पटपट

कच्ची पपई नको. मटणाला आपण लावतो म्हणून इथेही लावतात, एवढ्या पातळ मांसाचा वरचा थर तिने पिठूळ होतो.

लिंबाच्या रसात रात्रभर भिजवू नका, दोन तास खूप झाले. मी लिंबू, सोया सॉस, ठेचलेला लसूण, भरडलेलं जिरं, मिरी, थोडं तेल एवढंच घेते, सोया सॉस असल्याने मीठ बेतानेच.

आलं-लसणाची पेस्ट थापून तव्यावर टाकलीत तर मांसाच्या आधी पेस्ट जळते आणि कडू होते. गरम मसाला तर नाहीच नाही, मग ते दुसरंच काहीतरी होतं, कदाचित चांगलं, पण फहिता नाही.

फ्रीझरमधलं मांस गरम पाण्यात टाकून सोडवू नका, आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली ठेवा. एवढा विचार आदल्या दिवशी होत नसेल तर त्या दिवशी दुसरं काहीतरी करा.

कांदा आणि मिरची मांस विसावत असताना त्याच तव्यात, मोठ्या आचेवर, कडा काळ्या होईपर्यंत. ढोबळी मिरचीऐवजी पोब्लानो ही मेक्सिकन मिरची वापरून बघा, मला तीच आवडते.

पिको दे गायोला (टोमॅटोची कच्ची कोशिंबीर) मीठ आणि लिंबू अगदी वाढताना, नाहीतर टोमॅटोचं पाणी टॉर्टियात उतरतं.

टॉर्टिया मायक्रोवेव्हमध्ये नको. कोरड्या तव्यावर दोन्हीकडून, थोडे फुगे येईपर्यंत, आणि लगेच फडक्यात गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात.

आता तो चरचर आवाज. पुण्या-मुंबईत सिझलर खाल्लेल्यांना तो हवाच असतो, आणि म्हणून तापलेल्या प्लेटवर कापलेलं मांस ठेवून वरून पाणी नाहीतर लोणी ओततात. वाफ येते, फोटो येतो, आणि इतक्या मेहनतीने आणलेला खरपूस थर भिजून जातो, शिवाय खालून मांस शिजतच राहतं. प्लेट हवीच असेल तर तिच्यावर कांदा-मिरची पसरा आणि मांस त्यावर ठेवा, पाणी नको.

आणि सगळं मांस एकदम कापून ठेवू नका. जेवढं खाणार तेवढंच कापा, उरलेला तुकडा अख्खा फ्रिजमध्ये राहू दे. दुसऱ्या दिवशी थंड असतानाच आडवं पातळ कापायचं, तापल्या तव्यावर अर्धा मिनिट फिरवायचं आणि लगेच वर अंडं फोडायचं.